प्रेषित पौलाचे मतपरिवर्तन : ऐतिहासिक पुराव्यांची चिकित्सा

ख्रिस्ती परंपरेत पौलाच्या परिवर्तनाचे जे चित्र रूढ झाले आहे त्यात एक घोडा असतो. इ.स. 1600-1601 मध्ये काराव्हाज्जिओने रोममधील सांता मारिया देल पोपोलो या चर्चसाठी काढलेल्या चित्रात तर घोड्यानेच बहुतांश फलक व्यापला आहे. खाली पाठीवर पडलेला, हात पसरलेला तरुण पौल त्याच्या टापांपाशी दिसतो. नव्या करारात मात्र हा घोडा कोठेही नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात प्रकाश आहे, भूमीवर पडणे आहे, तीन दिवसांचे अंधत्व आहे. त्याच्या सोबत्यांनी त्याला हाताला धरून दमास्कस नगरात, म्हणजे मराठी बायबलमधील दिमिष्कात नेले, असेही तेथे सांगितले आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, स्वतः पौलाच्या पत्रांत यांतील काहीच नाही. प्रकाश नाही, पडणे नाही, अंधत्व नाही आणि वाटही नाही.

एका ऐतिहासिक व्यक्तीच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध क्षणाचे सर्वांत प्रसिद्ध तपशील त्या व्यक्तीच्या स्वतःच्या लेखनात नसावेत, ही स्थिती साहित्याच्या अभ्यासकाला आणि इतिहासाच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारी आहे. भाविक वाचक दोन्ही वृत्तान्तांची सरमिसळ करून एकच कथा वाचतो. संशयवादी वाचक दोहोंतील फरक दाखवून सारेच प्रकरण मोडीत काढतो. दोघेही एकच गोष्ट वगळतात. ती म्हणजे साधनांची प्रतवारी. कोणता कागद कोणी, केव्हा, कोणासाठी आणि कोणत्या गरजेपोटी लिहिला, हे आधी ठरवल्याशिवाय त्यातील मजकुराचे मोल ठरत नाही.

पौलाच्या नावावर नव्या करारात तेरा पत्रे आहेत. त्यांपैकी रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र अशी सात पत्रे त्याचीच आहेत, यावर आजच्या संशोधकांत जवळजवळ एकमत आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ट्युबिंगन येथील फेर्डिनांड क्रिस्टियान बाउर याने ही यादी चारांवर आणली होती. त्या कठोर चाळणीतूनही गलतीकरांस आणि करिंथकरांस लिहिलेली पत्रे सुटून वर राहिली होती, आणि आपल्या विषयाचा मुख्य पुरावा नेमका त्यांतच आहे. ही पत्रे इ.स. 50 च्या दशकातील, म्हणजे मूळ घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेली. त्यांच्या मूळ प्रती अर्थातच उरलेल्या नाहीत, पण इ.स. 200 च्या सुमाराच्या एका पपायरस-पोथीत त्यांतील बहुतेक मजकूर आपल्याला मिळतो. प्राचीन ग्रंथांच्या संदर्भात हे अंतर फारच थोडे म्हटले पाहिजे. आपल्याकडील ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध पोथ्यांच्या काळाचा ज्यांनी विचार केला आहे, त्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आता गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय पाहू. हे पत्र रागाने लिहिलेले आहे. आशिया मायनरमधील गलतिया प्रांतात पौलाने ज्या मंडळ्या स्थापन केल्या होत्या, तेथे काही प्रचारक येऊन पोचले होते. यहुदी नसलेल्या अनुयायांनीही सुंता करून घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यापाठोपाठ, पौल हा दुय्यम दर्जाचा प्रेषित, त्याने जे शिकले ते यरुशलेमच्या पुढाऱ्यांकडून, असेही त्यांचे सुचवणे असावे. या आरोपाला उत्तर देताना पौल आपले पूर्वचरित्र सांगतो. आपण देवाच्या मंडळीचा अतोनात छळ करीत होतो आणि ती नष्ट करू पाहत होतो. वाडवडिलांच्या परंपरांविषयीच्या आवेशात आपल्या वयाच्या अनेकांच्या पुढे होतो. मग देवाने आपला पुत्र आपल्या ठायी प्रकट केला. तेव्हा आपण कोणाचा सल्ला घेतला नाही, यरुशलेमला गेलो नाही, अरबस्तानात गेलो आणि दमास्कसला परतलो. तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन केफाजवळ, म्हणजे पेत्राजवळ, पंधरा दिवस राहिलो. प्रभूचा बंधू याकोब याच्याशिवाय दुसरा प्रेषित पाहिला नाही. एवढे सांगून तो देवाला साक्षी ठेवून आपण खोटे बोलत नसल्याची शपथ घेतो.

इतिहासकाराच्या दृष्टीने हा उतारा विलक्षण मोलाचा आहे. एक तर तो प्रथमपुरुषी आहे. पण केवळ प्रथमपुरुषी असल्याने साक्ष विश्वसनीय ठरत नाही. आत्मचरित्रे वाचणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. तेव्हा पौलाला येथे काय सिद्ध करावयाचे आहे, हे पाहावे लागते. त्याला आपले स्वातंत्र्य सिद्ध करावयाचे आहे. म्हणून ‘मी कोणाकडून शिकलो नाही’ हा त्याचा दावा आपण सावधपणे घेतला पाहिजे. विशेषतः करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तोच पौल ख्रिस्ताच्या मरणाविषयीची आणि पुनरुत्थानाविषयीची शिकवण आपल्याला मिळाली व आपण ती पुढे दिली, असे परंपरेच्या भाषेत बोलतो. दोन्ही विधानांचा मेळ घालता येतो, पण घालावा लागतो, ही गोष्ट खरी.

उलट, या उताऱ्यात जे त्याच्या सोयीचे नाही, त्याचे वजन अधिक. यरुशलेमचा पंधरा दिवसांचा मुक्काम त्याच्या युक्तिवादाला अडचणीचा आहे. नसता तर त्याला बरेच झाले असते. पण तो टाळता येत नाही, कारण पेत्र आणि याकोब दोघेही हयात आहेत आणि विरोधकांचे संबंध यरुशलेमशी आहेत. खोटे बोलल्यास ते उघडकीस यावयास वेळ लागला नसता. शपथ घ्यावी लागते ती जेथे वाद असतो तेथेच. म्हणजे ही माहिती वादाच्या आचेतून गेलेली आहे. शिवाय ज्या याकोबाला आपण भेटलो असे पौल म्हणतो, तो केवळ ख्रिस्ती कथेतला माणूस नाही. यहुदी इतिहासकार जोसिफस याने आपल्या ‘यहुद्यांच्या प्राचीन इतिहासा’त, ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ असा त्याचा उल्लेख करून, इ.स. 62 मध्ये त्याला झालेल्या देहदंडाची हकीकत दिली आहे. पौलाविषयी मात्र जोसिफस एक अक्षर बोलत नाही.

याच अध्यायातील आणखी दोन बारीक जागा माझ्या मते सर्वांत बोलक्या आहेत. पहिली ‘परतलो’ या क्रियापदाची. आपल्याला साक्षात्कार कोठे झाला हे पौल सांगतच नाही. पण अरबस्तानातून तो दमास्कसला ‘परत’ येतो. जेथे आधी नव्हतो तेथे कोणी परतत नाही. म्हणजे घटना दमास्कसमध्ये वा त्याच्या आसपास घडली, हे तो न सांगता सांगून जातो. ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ या पत्रावर आधारलेला दिसत नाही. तेव्हा स्थळाविषयी दोन स्वतंत्र साधनांचे हे एकमत आहे, आणि त्यांपैकी एक अनवधानाने दिलेले आहे. दुसरी जागा अध्यायाच्या शेवटची. यहूदीयातील मंडळ्या आपल्याला चेहऱ्याने ओळखत नव्हत्या. जो आपला छळ करीत होता तोच आता त्या विश्वासाचा प्रचार करतो, एवढेच त्यांच्या कानी येत होते, असे पौल सांगतो. येथे तो इतरांच्या तोंडचे वृत्त देतो आहे. छळकर्ता प्रचारक झाला, ही वार्ता पौलाच्या पत्रापूर्वीच, त्याला न पाहिलेल्या लोकांत फिरत होती. प्रत्यक्षदर्शी नसलेल्या पण पीडितांच्या बाजूच्या समाजाची ही आठवण आहे.

इतर पत्रांतील उल्लेख थोडक्यात आटोपता येतील. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवव्या अध्यायात आपण प्रभूला पाहिले आहे असे तो विचारणेच्या सुरात ठासून सांगतो. पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्ताने कोणाकोणाला दर्शन दिले त्या यादीच्या अखेरीस तो स्वतःचे नाव घालतो आणि स्वतःसाठी एक विचित्र शब्द वापरतो. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ अकाली जन्मलेले किंवा गर्भपातातून बाहेर पडलेले अर्भक असा होतो. कदाचित ही विरोधकांनी दिलेली शिवी असेल आणि त्याने ती अंगाला लावून घेतली असेल. मंडळीचा छळ केल्यामुळे आपण प्रेषित म्हणवून घेण्यास पात्र नाही, ही कबुली लगेच पुढे येते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात कुळ, वंश, परूशी पंथ, छळ करण्यातला आवेश ही सारी मिळकत आपण तोट्यात जमा केली, असा हिशेबाच्या भाषेतला उल्लेख आहे. या तिन्ही पत्रांतून एक गोष्ट सारखीच निघते. तो आधी छळ करीत होता. मग त्याला असे काही अनुभवास आले की ज्याला तो ख्रिस्ताचे दर्शन म्हणतो. त्यानंतर त्याचे आयुष्य उलट्या दिशेने वाहू लागले. अनुभव कसा होता, याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. ‘माझ्या ठायी प्रकट केला’ यातील ग्रीक अव्ययाचा अर्थ ‘माझ्या अंतरी’ असाही होतो आणि ‘माझ्याद्वारे’ असाही. मराठीतील ‘ठायी’ हा शब्द ती संदिग्धता थोडीफार सांभाळून धरतो. अनेक भाषांतरांना ते साधत नाही.

आता ‘प्रेषितांची कृत्ये’. हा ग्रंथ तिसऱ्या शुभवर्तमानाच्या लेखकाचा, म्हणजे परंपरेनुसार लूकचा. त्याचा काळ बहुतेक अभ्यासक इ.स. 80 ते 90 च्या सुमारास ठेवतात. काही जण तो दुसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत ओढतात. म्हणजे घटनेपासून सुमारे पन्नास वर्षांचे अंतर. या अंतराचे नेमके मोल समजण्यासाठी मराठीतलेच एक उदाहरण घेता येईल. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी तेथे नव्हत्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो 1934 साली, जवळजवळ चार दशकांनंतर. त्यातील संवाद अक्षरशः तसेच झाले असतील असे कोणी मानत नाही. त्यावरून मूळ घटनेवर शंका घ्यावी असेही कोणाला वाटत नाही. घटना आणि तिचे कथन यांच्यामध्ये स्मृतीची, कलेची आणि हेतूची एक पातळ भिंत उभी असते, इतकेच आपण जाणतो. लूकच्या बाबतीत ही भिंत अधिक जाड आहे, कारण तो जीवनसाथी नाही; फार तर, ग्रंथातील ‘आम्ही’ असा प्रथमपुरुष वापरणाऱ्या प्रवासवर्णनांवरून, त्याचा काही काळाचा सहप्रवासी असू शकेल.

लूक ही कथा तीनदा सांगतो. नवव्या अध्यायात निवेदकाच्या तोंडून, बाविसाव्यात यरुशलेमच्या खवळलेल्या जमावापुढे पौलाच्या तोंडून आणि सव्विसाव्यात अग्रिप्पा राजापुढे पुन्हा पौलाच्याच तोंडून. तिन्ही वेळी तपशील बदलतात. पहिल्या वृत्तान्तात सोबती वाणी ऐकतात पण त्यांना कोणी दिसत नाही. दुसऱ्यात त्यांना प्रकाश दिसतो पण वाणी ऐकू येत नाही. पहिल्यात ते स्तब्ध उभे आहेत. तिसऱ्यात सगळेच भूमीवर पडतात. ‘ऐकणे’ या ग्रीक क्रियापदाला वेगवेगळी विभक्ती लागली की ‘आवाज ऐकणे’ आणि ‘शब्द समजणे’ असा फरक होतो, असे सांगून विसंगती मिटवण्याचा प्रयत्न जुना आहे. लूक स्वतः हा व्याकरणभेद सर्वत्र पाळत नसल्याने तो फारसा पटत नाही. दमास्कसचा हनन्या पहिल्या वृत्तान्तात पौलाची दृष्टी परत आणणारा मुख्य मध्यस्थ आहे, दुसऱ्यात यहुदी श्रोत्यांना रुचावा म्हणून नियमशास्त्र पाळणारा सत्पुरुष आहे, आणि रोमन अधिकाऱ्यासमोरच्या तिसऱ्यात तो नाहीच. तेथे येशू पौलाला थेट कामगिरी सोपवतो. एकाच लेखकाने एकाच ग्रंथात तीन पाठ ठेवले, ते त्याला विसंगती कळत नव्हती म्हणून नव्हे. श्रोत्यांप्रमाणे भाषण बेतणे ही त्या काळच्या इतिहासलेखनाची मान्य रीत होती.

तिसऱ्या वृत्तान्तात एक म्हण येते. पराणी टोचली म्हणून तिच्यावर लाथा झाडणाऱ्या बैलाला इजाच होते, असा तिचा आशय. आपल्या शेतकऱ्यालाही ती समजावून सांगावी लागणार नाही. पण ती म्हण ग्रीक आहे. युरिपिडीसच्या ‘बाखाई’ या नाटकात नव्या देवाच्या भक्तांचा छळ करणाऱ्या राजाला खुद्द तो देवच ती ऐकवतो. वाणी इब्री भाषेत झाली, असे लूक त्याच वाक्यात सांगतो. इब्री वाणीच्या तोंडी ग्रीक रंगभूमीवरील म्हण घालताना आपण काय करीत आहोत, याची त्याला जाणीव असणारच. तसेच ‘मक्काबी’च्या दुसऱ्या पुस्तकात हेलिओदोरस नावाचा अधिकारी यरुशलेमच्या मंदिराचा खजिना लुटावयास येतो, दिव्य दर्शनाने भूमीवर कोसळतो, त्याला अंधारी घेरते आणि त्याला उचलून न्यावे लागते. त्या दर्शनात मात्र घोडा आहे, आणि घोडेस्वारही. चित्रकारांनी घोडा तेथून उचलला असे मी म्हणत नाही. देवाच्या शत्रूला देव कसा पाडतो, याचा एक कथासाचा लूकच्या वाचकांना परिचित होता, इतके मात्र निश्चित म्हणता येते.

साचा आहे म्हणून घटना बनावट, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. लूकच्या वृत्तान्तातील कणा, म्हणजे छळ, दमास्कस, ख्रिस्ताचे दर्शन, नंतर यरुशलेमची भेट, हा पौलाच्या पत्रांशी जुळतो. मांस मात्र पुष्कळदा जुळत नाही. लूकला अरबस्तान ठाऊक नाही. यरुशलेमला गेल्यावर बर्णबाने पौलाला प्रेषितांकडे नेले असे तो म्हणतो; पौल शपथेवर दोघांचीच नावे घेतो. लूकचा शौल यरुशलेममध्ये घरोघर शिरून लोकांना फरपटत नेतो. पौल म्हणतो की यहूदीयातील मंडळ्यांना त्याचा चेहरा ठाऊक नव्हता. दमास्कसमधील लोकांना बांधून आणण्याचा अधिकार मुख्य याजकाच्या पत्रांनी खरोखर मिळत असे का, याविषयीही गंभीर शंका आहे. जेथे असा विरोध येईल तेथे पत्रांना अग्रमान द्यावा, हा अभ्यासकांत रूढ झालेला नियम आहे आणि तो योग्यच आहे.

दमास्कसहून पलायनाचा प्रसंग मात्र दोन्हींकडे आहे, आणि कालनिर्णयासाठी तो फार उपयोगी पडतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपल्या दुर्बलतेची उदाहरणे देताना, पौल सांगतो की अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने आपल्याला पकडण्यासाठी नगरावर पहारा बसवला आणि आपल्याला टोपलीत घालून तटाच्या खिडकीतून खाली सोडण्यात आले. ही बढाईची नव्हे, मानहानीची आठवण आहे. म्हणूनच ती खरी असण्याचा संभव मोठा. लूक टोपली कायम ठेवतो, पण पहारेकरी यहुदी करतो. हा अरीतास म्हणजे नबाती लोकांचा राजा चौथा अरीतास, तो इ.स. 40 च्या सुमारास वारला. म्हणजे पलायन त्यापूर्वीचे. दमास्कसवर त्याचा प्रत्यक्ष अंमल होता की त्याचा अधिकारी तेथील नबाती वस्तीचा प्रमुख एवढाच होता, यावर मतभेद आहेत. तिबेरियसच्या अखेरच्या वर्षांपासून नीरोच्या काळापर्यंत रोमन सम्राटाची मुद्रा असलेली दमास्कसची नाणी मिळत नाहीत, या गोष्टीचा आधार पहिल्या मताचे लोक घेतात. पण न मिळालेल्या नाण्यांवर राज्य उभारणे धोक्याचे.

दुसरे टोक अधिक भक्कम आहे. ग्रीसमधील डेल्फी येथे सम्राट क्लॉडियसच्या एका पत्राचा शिलालेख सापडला. 1905 साली त्याचे काही तुकडे प्रसिद्ध झाले, पुढे आणखी जुळत गेले. त्यात अखया प्रांताचा अधिपती म्हणून गल्लियोचे नाव आहे आणि सम्राटाच्या सव्विसाव्या जयघोषाचा उल्लेख आहे. रोममधील क्लॉडियसच्या जलवाहिनीवरील लेखात सत्ताविसावा जयघोष आहे आणि ती 1 ऑगस्ट 52 रोजी खुली झाली. तेव्हा डेल्फीचे पत्र त्याआधीचे, आणि गल्लियोचा कार्यकाळ बहुधा इ.स. 51-52 चा. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. करिंथ येथे पौलाला त्याच्या न्यायासनापुढे उभे केल्याचे लूक सांगतो. येथून मागे मोजत जावे लागते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील तीन वर्षे आणि चौदा वर्षे हे आकडे वापरावयाचे, पण चौदा वर्षे परिवर्तनापासून की पहिल्या यरुशलेम-भेटीपासून, हे पौल स्पष्ट करीत नाही. शिवाय त्या काळी अपुरे वर्षही पूर्ण धरीत. एवढी लवचीकता गृहीत धरून परिवर्तनाचे वर्ष बहुतेक अभ्यासक इ.स. 31 ते 36 च्या दरम्यान ठेवतात. येशूचे मरण 30 किंवा 33 साली झाले असे मानले जाते. म्हणजे मधले अंतर फार तर काही थोड्या वर्षांचे. डेल्फीच्या दगडाने परिवर्तन घडले हे सिद्ध होत नाही, हे खरे; पण पत्रांतील सापेक्ष कालगणनेला बाहेरच्या जगातील एक खुंटी त्याने मिळवून दिली.

पुराव्याचा विचार करताना शब्दाचाही करावा लागतो. या प्रसंगाला आपण ‘धर्मांतर’ म्हणतो. भारतात या शब्दाला एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांपासून 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंतचा आणि त्यानंतरच्या कायद्यांपर्यंतचा इतिहास चिकटलेला आहे. तो इतिहास इ.स. 33 च्या सुमाराच्या दमास्कसवर लादला तर पुरावा उलटा वाचला जातो. तेव्हा ‘ख्रिस्ती धर्म’ नावाची निराळी वस्तू अस्तित्वात नव्हती. ‘ख्रिस्ती’ हा शब्द पौलाच्या पत्रांत एकदाही येत नाही. रोमकरांस लिहिताना, परिवर्तनाला दोन दशके उलटल्यावरही, तो आपण इस्राएली आहोत असे वर्तमानकाळात सांगतो. यहुद्यांकडून आपण पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ले, असे तो करिंथकरांस कळवतो. ही सभास्थानाची शिक्षा होती. ज्याने समाज सोडला त्याला ती निमूटपणे सोसण्याचे कारण नव्हते. शौलाचा पौल झाला तोही दमास्कसला नाही. लूक सायप्रस बेटावरील प्रसंगापर्यंत त्याला शौलच म्हणतो आणि मग दोन्ही नावे त्याचीच असल्याचे सांगून पुढे पौल हे नाव वापरतो.

स्वीडिश विद्वान क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1963 मधील एका निबंधात आणि पुढे 1976 च्या पुस्तकात या भ्रमाची चिकित्सा केली. पौलाने यिर्मया आणि यशया या संदेष्ट्यांच्या पाचारणाची भाषा वापरली आहे. आईच्या उदरापासून वेगळे केले जाणे, राष्ट्रांकडे पाठवले जाणे, ही ती भाषा. म्हणून हे ‘पाचारण’ आहे, धर्मांतर नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन. ॲलन सीगल या यहुदी अभ्यासकाने 1990 मध्ये याला तोल दिला. धर्म बदलला नसेल, पण एका यहुदी पंथातून दुसऱ्यात, परूशी गटातून बिगरयहुद्यांच्या मंडळ्यांत झालेले हे स्थलांतर धर्मांतराच्या समाजशास्त्रीय व्याख्येत बसते, असे ते म्हणतात. मला सीगल यांचे म्हणणे पुराव्याला अधिक जवळचे वाटते, कारण छळ करणाऱ्याने पीडितांच्या पंगतीला जाऊन बसणे हे नुसत्या पाचारणाच्या शब्दात मावत नाही. ‘मतपरिवर्तन’ हा शब्द प्रस्तुत लेखात योजला आहे तो याच अडचणीमुळे; तोही अपुरा आहे.

मराठी वाचकाची आणखी एक स्वाभाविक ओढ असते. वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा आपल्या हाडीमाशी असल्याने पौलाची कथाही आपण पापी माणूस पुण्यवान झाल्याची कथा म्हणून वाचतो. परंतु पौल वाल्या नव्हता. नियमशास्त्राच्या दृष्टीने आपण निर्दोष होतो, असे तो फिलिप्पैकरांस सांगतो. अपराधभावनेने तळमळणाऱ्या आणि अखेर कोसळलेल्या मनाचे चित्र त्याच्यावर चिकटवले गेले ते रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातील ‘मी’ हा आत्मचरित्रात्मक समजल्यामुळे. वेर्नर गेओर्ग क्युमेल यांनी 1929 मध्येच या वाचनाचा पाया काढून घेतला होता. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’त शंका, चर्चा, वाचन, घरातील ताण यांतून हळूहळू फटफटत आलेला उजेड आपल्याला दिसतो, ग्रंथाचे नावच तसे आहे. पौलाच्या लेखनात असा अरुणोदय नाही. आधीची रात्रही नाही. तो दोन उजेडांची तुलना करतो.

कारणमीमांसेकडे वळले की पुरावा लवकर संपतो. इंग्लंडमधील जॉर्ज लिटल्टन याने 1747 मध्ये युक्तिवाद केला की पौल लबाड नव्हता, भ्रमिष्ट नव्हता आणि फसवला गेलेलाही नव्हता. तेव्हा तो सांगतो ते सत्यच. पहिला भाग आजही टिकतो. या बदलाने पौलाला मान, पैसा वा सुरक्षितता यांपैकी काही मिळाले नाही; फटके, तुरुंग आणि संशय मिळाला. पण लबाडी वगळली की चमत्कारच उरतो, ही लिटल्टनची उडी इतिहासाच्या साधनांनी मारता येत नाही. नंतरच्या काळात अपस्मार, सूर्यदाह, वीज कोसळणे, दडपलेली अपराधभावना अशी नैसर्गिक स्पष्टीकरणे पुढे आली. ती बहुतेक लूकच्या प्रकाशावर आणि अंधत्वावर उभी आहेत, म्हणजे सर्वांत दुय्यम तपशिलांवर. जे तपशील ऐतिहासिकदृष्ट्या कच्चे म्हणून एकीकडे बाजूला ठेवावयाचे, तेच दुसरीकडे वैद्यकीय निदानासाठी पक्के धरावयाचे, हा व्यवहार न्याय्य नाही.

अखेरीस विरोधकांची साक्ष. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात सायप्रसमधील सालामिसचा धर्माध्यक्ष एपिफानियस याने एबिओनी नावाच्या यहुदी-ख्रिस्ती पंथाच्या पौलविषयक समजुतींची नोंद केली आहे. पौल जन्माने ग्रीक. यरुशलेममध्ये याजकाच्या कन्येशी विवाह करता यावा म्हणून त्याने सुंता करून घेतली. ती न मिळाल्याच्या रागात त्याने सुंता, शब्बाथ आणि नियमशास्त्र यांविरुद्ध लेखणी उचलली, असे ते सांगत. ही कथा उशिराची आहे, द्वेषाने रंगलेली आहे आणि पौलाच्या वंशाविषयी ती जे सांगते ते त्याच्या स्वतःच्या पत्रांशी उघड विसंगत आहे. तरीही तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. माणूस एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला गेला, हे त्याचे कडवे शत्रूही नाकारीत नाहीत. त्यांचे भांडण आहे ते तो का गेला याविषयी.